शिलकेचे पुण्य

खजिन्यात शिल्लक पडली म्हणजे राज्यकारभार उत्तम, हा समज व्यवहारी गृहस्थासही सहज पटतो. 26 मार्च 1902 रोजी वरिष्ठ कायदेकौन्सिलात नामदार गोखल्यांनी नेमका तोच खोडून काढला. दुष्काळाने व प्लेगाने गांजलेल्या रयतेकडून मिठावर मणामागे अडीच रुपये घ्यावयाचे, आणि शिलकेस भरभराट म्हणावयाचे, हा कोठला न्याय? बड्या पगाराच्या जागा गोऱ्यांसाठीच राखण्यावरही त्यांचा आक्षेप होताच. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार मात्र सभासदांस नव्हता. बोलावे आणि खाली बसावे! मग त्या बोलण्यात अर्थ काय? आम्हांस वाटते, मते मोजून जिंकता येत नव्हते, म्हणूनच सरकारी आकड्यांनीच सरकारला उत्तर देणे त्यांस भाग पडले. 1903 साली तो कर दोन रुपयांवर आला. एका भाषणाने तो उतरला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्या भाकरीवर तो बसत होता, त्याची बाजू दप्तरात आधीच नोंदली गेली होती.