पाचवे कारण

घोडबंदर रोडच्या कडेने जाणारी वसईची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तनचे ख्रिस्ती कोळी धर्मगुरूंकडून होड्यांना आशीर्वाद घेतात. ठाण्या-मुंबईचे हिंदू कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. जाळ्यात काय येणार ते माणसाच्या हाती नाही, ही दोघांचीही श्रद्धा. मासळी का हुकली हे कळू लागल्यावर या श्रद्धेचे काय होते?

कुपा, म्हणजे टूना, याचे ठळक उदाहरण. काही वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू जास्त तापते आणि पूर्व बाजू थंडावते. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी या झोक्याला द्विध्रुव असे नाव दिले. तापलेल्या बाजूला वरच्या कोमट पाण्याचा थर जाड होतो, खालचे थंड, कसदार पाणी वर येत नाही, बारीक जीवांचे खाद्य घटते आणि कुपा खोल उतरतो किंवा पांगतो. 1997-98 मध्ये द्विध्रुव आणि एल निन्यो जोडीने आले, तेव्हा पश्चिमेकडच्या मोठ्या जहाजांना कुप्यामागे पूर्वेला जावे लागले. मासा संपला नव्हता, जाळ्याच्या आवाक्याबाहेर गेला होता. एल निन्यो हे नाव पेरूच्या मच्छीमारांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहाला बाळ येशूवरून दिले. कारण सापडायच्या कितीतरी आधी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे येतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, खटपट आणि पाचवे दैव. मासेमारीत ती होडी, तांडेल, जाळे, ओढण्याची मेहनत आणि दर्या. पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा उपग्रहावरून पाहून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळीच्या जागा कळवते, तेव्हा दैवाचा थोडा भाग साधनांत जमा होतो. सगळा नाही. 2019 मध्ये द्विध्रुव जोरात होता; क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली, होड्या बंदरातच राहिल्या. त्या वर्षी महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर, 45 वर्षांतल्या नीचांकावर घसरली.

गफलत पुढे होते. पूर्वी दैवाकडे बोट दाखवून हात झटकत, आता हवामानाकडे. पण गीतेच्या यादीत दैव एकटे नाही, कर्ताही तिथेच आहे. हिंदी महासागरातला पिवळ्या पराचा कुपा 2015 मध्ये अतिमासेमारीने खालावलेला ठरला, तो काही नुसत्या झोक्याने नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण पुष्कळ मासळीच्या विणीचे हे दिवस. या दिवसांत चोरून जाळे टाकणाऱ्याचा पौर्णिमेचा नारळ फुकटच गेला म्हणायचा.