दोषाचें स्थान आणि दोषाचें मूळ

एखादी गोष्ट बिघडली म्हणजे ती 'कशी बिघडली' या प्रश्नाच्या आधीं 'कोणीं बिघडविली' हा प्रश्न आपल्या मनांत उभा राहतो. घर असो, शाळा असो कीं कचेरी असो, दोषाचा आवाज जेथून ऐकूं येतो तेथेंच दोषाची वस्ती आहे, असें आपण धरून चालतों. हें अनुमान कितपत न्याय्य आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही एक अगदीं साधें उदाहरण घेणार आहों. तें आहे मोटारींतील गाण्याच्या यंत्राचें. तत्त्वविचाराला इतकें क्षुल्लक उदाहरण कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु यंत्राविषयीं आपल्याला राग नसतो आणि लोभहि नसतो. म्हणून त्याच्या बाबतींत आपण जितक्या स्वच्छपणें विचार करतों, तितक्या स्वच्छपणें माणसांच्या बाबतींत करीत नाहीं.

समजा, डाव्या दारांतील स्पीकर खरखरूं लागला. मालक तत्काळ निकाल देतो कीं, स्पीकर गेला. पण स्पीकर हा या सर्व मंडळींतला शेवटचा गडी आहे. मूळ संकेत ॲम्प्लिफायर वाढवितो, तारा तो दारापर्यंत वाहून आणतात, आणि मग कोठें तो चुंबकाच्या फटींतील तारेच्या वेटोळ्यांत शिरून त्याला जोडलेला कागदी कर्णा हलवितो. राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं या रचनेचें शास्त्रशुद्ध विवेचन प्रसिद्ध केलें, व आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. मागच्या कोणाहि गड्याकडून चूक झाली, तरी ती बोलून दाखविण्याचें काम याच्याच कपाळीं येतें.

जाणता कारागीर म्हणून निकालाची घाई करीत नाहीं. तो डावा स्पीकर उजवीकडे व उजवा डावीकडे जोडून पाहतो. खरखर स्पीकरबरोबर उजवीकडे गेली, तर दोष स्पीकरांत. ती डावीकडेच राहिली, तर स्पीकर निर्दोष असून तारेंत वा ॲम्प्लिफायरांत कांहीं बिघाड आहे. दार हजारों वेळां उघडतें व मिटतें, आणि बिजागरीजवळ वांकून वांकून आंतील तार तुटते. हें मोठें नेहमींचें आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, बाकीच्या सर्व तशाच ठेवावयाच्या, ही ती रीत होय. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत हीच रीत नियमबद्ध केली, आणि आपले नैयायिक अन्वय व व्यतिरेक या नांवांनीं हाच विचार पूर्वींपासून करीत आले आहेत.

याहून विलक्षण प्रकारहि आढळतात. इंजिनाचे फेरे वाढले कीं स्पीकरमधील शीळ चढते, फेरे उतरले कीं ती उतरते. येथें तक्रार गाण्याच्या यंत्राची नसून इंजिनावर चालणाऱ्या विजेच्या जनित्राची असते, व स्पीकर हा केवळ निरोप्या असतो. कधीं दोन्ही स्पीकर धडधाकट असतात, परंतु एकाच्या तारा उलट जोडलेल्या असल्यामुळें एकाचा कर्णा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, आणि खर्जाचा आवाज नाहींसा होतो. येथें दोष दोघांपैकीं एकांतहि नाहीं. तो दोघांच्या संबंधांत आहे. किती भाऊ-भाऊ व किती नवरा-बायको यांच्याविषयीं हेंच म्हणतां येईल!

परंतु आमच्या मतें सर्वांत विचारणीय प्रकार निराळाच आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडींत एका वर्षांत तीन स्पीकर जळाले. तिन्ही वेळां अदलाबदल करून पाहिली, आणि तिन्ही वेळां दोष स्पीकरांतच सांपडला. परीक्षा बिनचूक होती, तरीहि निवाडा अपुरा होता. ॲम्प्लिफायरकडे त्याच्या कुवतीबाहेरचा आवाज मागितला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. अशा लहरींतील सरासरी शक्ति वाढलेली असल्यामुळें वेटोळें तापत जातें व अखेर जळतें. दोषाचें स्थान स्पीकर हें खरें. पण दोषाचें मूळ त्याच्या मागें, आणि त्याच्याहि मागें, आवाजाची खुंटी पिळणाऱ्या हातांत होतें. तो हात, स्पीकर हलका निघाला म्हणून कुरकुरणाऱ्या मालकाचाच होता!

दोष कोठें आहे व दोष कशामुळें आहे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. आणि पहिल्याचें उत्तर मिळतांच दुसराहि सुटला असें मानणें, यांतच आपल्या नित्याच्या अन्यायाचें बीज आहे. एका जागेवरचे तीन कारकून पाठोपाठ कामचुकार ठरतात, तरी साहेबाला त्या जागेवरील ओझें मोजावेंसें वाटत नाहीं. मुलगा उलट बोलूं लागला, तर तो उलट बोलतो हें खरेंच असतें. परंतु घरांत त्याच्याशीं कोणत्या स्वरांत बोललें जातें, हें बाप क्वचितच ऐकतो. दोष दाखविणाराच पुष्कळदां त्या साखळीचा आरंभ असतो, व आपण साखळीच्या बाहेर उभे आहोंत अशा समजुतीनें तो न्याय देत असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, असें मागें मागें जात राहिल्यास कोणीच अपराधी उरणार नाहीं. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. जळालेला स्पीकर, कोणामुळेंहि जळालेला असो, बदलावाच लागतो. शिवाय मनुष्य हा स्पीकर नव्हे. आलेला संकेत जसाच्या तसा बोलून दाखविणें एवढेंच त्याचें भाग्य नाहीं. तो नकार देऊं शकतो, सहन करूं शकतो, सुधारूं शकतो. त्याची जबाबदारी अजीबात काढून घेणें म्हणजे त्याचें माणूसपणच काढून घेणें होय. पण याच कारणास्तव आपलें कर्तव्य वाढतें. स्पीकरला आपल्यावर काय गुदरलें तें सांगतां येत नाहीं, म्हणून त्याची परीक्षा करावी लागते. माणसाला तें सांगतां येतें, आणि तरीहि आपण त्याला विचारीत नाहीं. स्पीकर बदलला तर तो दुखावत नाहीं. माणसाला उगीच दूर केलें, तर दोषी ठरल्याची जखम तो जन्मभर वागवितो.

म्हणून शासन करावयाचें तें अवश्य करावें. परंतु तत्पूर्वीं 'याच्या जागीं दुसरा असता तर काय झालें असतें?' हा एक, आणि 'खुंटीवर हात कोणाचा आहे?' हा दुसरा, असे दोन प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला प्रश्न बुद्धीचा आहे व तो फारसा जड जात नाहीं. दुसऱ्याला धैर्य लागतें. कारण त्याचें उत्तर कित्येकदां आपलेंच नांव असतें.