मुले घरात काय ऐकतात? (पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त)



नाताळानंतरच्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्यासमोर नाझरेथचे पवित्र कुटुंब ठेवते. यंदा आपण संत मत्तयचे शुभवर्तमान ऐकत आहोत. त्यामुळे आज आपल्याला मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला बारा वर्षांचा येशू भेटत नाही, तर आईच्या कुशीत मिसर देशाकडे पळणारे बाळ भेटते. रात्री दूत योसेफाला स्वप्नात सावध करतो, आणि योसेफ उजाडण्याची वाट न पाहता बाळाला व त्याच्या आईला घेऊन घर सोडतो.

या साऱ्या प्रसंगात योसेफ एक शब्दही बोलत नाही. चारही शुभवर्तमाने उघडून पाहा, त्याच्या तोंडचे एकही वाक्य सापडणार नाही. तरी प्रभू येशू वाढला तो याच माणसाच्या घरात. बापाने मुलाला कोणता उपदेश केला हे आपल्याला माहीत नाही. बापाने काय केले हे मात्र पानापानावर दिसते.

आपल्या घरांचा विचार करताना मला आज एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. मुले श्रद्धा शिकतात ती प्रार्थनेच्या दहा मिनिटांत, हे खरेच. पण त्या दहा मिनिटांत जे सांगितले ते खरे की खोटे, हे ती उरलेल्या वेळात ठरवतात.

आपल्यापैकी पुष्कळ आईवडील रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाकडे गणिताच्या क्लाससारखे पाहतात. मूल पाठवले, आता सिस्टर आणि शिक्षक बघून घेतील. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक तास वर्गाचा, एक मिस्सेचा. बाकीचे १६६ तास मूल तुमच्याकडे आणि शाळेकडे असते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वर्षी आईवडील वर्गाच्या दारापर्यंत येतात, पांढरा पोशाख शिवून होतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या वर्षी त्याच मुलाला विचारावे लागते की अरे, तू आहेस कुठे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असे म्हटले. ही कौतुकाची पदवी नव्हे, हे काम आहे आणि ते दुसऱ्याला कंत्राटावर देता येत नाही.

रसायनीत हे काम जरा अधिक अवघड आहे, हे मान्य करायला हवे. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिच्या मागोमाग इतर कारखाने आले, आणि ज्या परिसराला रसायनांवरूनच नाव मिळाले तिथे वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा कुठून कुठून माणसे नोकरीसाठी आली. वसईच्या गावात मूल वाढते तेव्हा आळीच्या तोंडाशी क्रूस असतो, शेजारच्या ओटीवर आजी जपमाळ म्हणत असते, सणाला सारे गाव जमते. आईबाप थोडे ढिले पडले तरी गाव मुलाला सांभाळून घेते. इथे मोहोपाड्याच्या इमारतीत शेजारी वेगळ्या धर्माचा, समोरचा वेगळ्या भाषेचा. यात वाईट काहीच नाही. उलट आपल्या मुलांना लहानपणापासून सर्वांशी मिळून राहायची सवय लागते. पण श्रद्धेचे जे बाळकडू गावाकडे वातावरणातूनच मिळत होते, ते इथे घरातच तयार करावे लागते.

त्यात पाळ्यांची नोकरी. दुसऱ्या पाळीचा बाप रात्री अकरानंतर घरी येतो, तेव्हा मुले झोपलेली. रात्रपाळीचा बाप मुले शाळेला निघताना दारात भेटतो. अशा घरात रोज आठ वाजता सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी हा आग्रह मी धरणार नाही. पण झोपलेल्या मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करायला किती वेळ लागतो? सकाळी बूट घालणाऱ्या मुलाजवळ उभे राहून एक ‘नमो मारिया’ म्हणता येते. कामावरून आलेल्या थकलेल्या बापाने दोन मिनिटे गुडघे टेकलेले मुलाने पाहिले, तर ते पंचवीस रविवारच्या प्रवचनांपेक्षा अधिक शिकते. हे मी प्रवचन करणारा असूनही म्हणतो.

आता प्रार्थनेच्या बाहेरच्या वेळाकडे वळू.

दिवाळी झाली की आपल्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडायची. नवरा-बायको, म्हातारी, शेळ्या, कोंबड्या आणि मुले, सारे बिऱ्हाड जाते. भट्टीजवळ खोपटे उभे राहते आणि मे अखेरपर्यंत तेच घर. मुलांची नावे शाळेच्या पटावर असतात, मुले मात्र विटा उलटत असतात किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असतात. आपण घरात गोठा मांडतो, गवत पसरतो, कापसाचा बर्फ करतो (रसायनीत बर्फ कुठून आला, हे मुले अजून विचारत नाहीत), त्याच दिवसांत आपल्या रस्त्यालगत हे घडत असते. बाळाला घेऊन घर सोडून निघालेले कुटुंब पाहायला मिसर देशापर्यंत जावे लागत नाही.

आणि त्याच लोकांचे नाव आपल्या घरांत कशासाठी वापरले जाते? मुलाने केस विंचरले नाहीत, कपडे मळवले, की आई म्हणते, ‘काय कातकऱ्यासारखा अवतार केलास!’ ती रागाने म्हणत नाही, सहज म्हणते. म्हणूनच ते खोल जाते. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या कामावरून तिला नाव मिळाले. कसबाचे, कष्टाचे नाव. आपल्या घरात ती शिवी झाली. रात्री हेच मूल सर्व माणसे देवाची लेकरे असे पाठ म्हणून दाखवते. दोन्ही धडे त्याला एकाच तोंडून मिळाले. मोठेपणी ते कोणता खरा मानील?

१९ जुलै २०२३ ची रात्र आपण विसरलेलो नाही. चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे यंत्रे पोहोचली नाहीत आणि पावसात माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेत शिकायला गेलेली काही मुले वाचली, पण परतायला त्यांना घर उरले नाही, काहींना आईबापही नाहीत. त्या आठवड्यात आपल्या सर्वांच्या घरी टीव्ही चालू होता. काही घरांत आई गप्प झाली, कुणी तांदूळ आणि चादरी बांधल्या. काही घरांत असेही म्हटले गेले की डोंगरावर राहायचेच कशाला, सरकार देईल त्यांना भरपूर. जेवणाच्या ताटावर बसलेल्या मुलाने त्या दिवशी जे ऐकले, तो त्याचा करुणेचा पाठ होता. परीक्षा नसलेला आणि न पुसला जाणारा.

आणखी एक लहान गोष्ट. घरकाम करणाऱ्या बाईचा कप. पुष्कळ घरांत तो वेगळा असतो, खिडकीत पालथा ठेवलेला. कान तुटलेला. मुलाला कोणी सांगत नाही की हा कप का वेगळा, आणि तरी चार वर्षांच्या मुलाला तो कुणाचा हे अचूक ठाऊक असते. आईच्या वयाच्या त्या बाईला ते एकेरी नावाने हाक मारते, कारण मोठेही तशीच मारतात. रविवारी मात्र आपण सारे एकाच वेदीसमोर एका रांगेत उभे राहतो. बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर तो कप काढून टाका. बाईंना मावशी म्हणायला मुलांना सांगा, आणि आधी स्वतः म्हणा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी जे प्रबोधनपत्र लिहिले, त्यात मुलांच्या शिक्षणाची चर्चा करताना ते न्यायाची जाणीव आणि गरिबातल्या गरिबाविषयीचे प्रेम या गोष्टी घरातच शिकवण्याविषयी बोलतात, आणि आईवडिलांनी मुलांसोबत प्रार्थना करण्याविषयीही बोलतात. हे दोन वेगळे विषय नव्हेत. ते कसे जोडलेले आहेत, हे लिझ्यूच्या संत तेरेजाच्या बालपणात फार सुंदर दिसते.

तिचे वडील लुई मार्टिन घड्याळजी, आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय करणारी. म्हणजे आपल्यासारखीच कष्टाची माणसे. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतीपत्नींना एकत्र संतपद बहाल केले. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. आई वारली तेव्हा तेरेजा चार वर्षांची होती. पुढे वडील तिला फिरायला नेत, तेव्हा रस्त्यात भेटणाऱ्या गरिबांना द्यायचे पैसे तिच्याच हातात देत. स्वतः देत नसत, हे लक्षात घ्या. एकदा कुबड्यांवर चालणारा एक म्हातारा दिसला. तिने नाणे पुढे केले, तर तो खिन्नपणे हसला आणि घेईना. मुलगी हिरमुसली. आपण त्याचा अपमान केला की काय, असे तिला वाटले. मग तिला आठवले की प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या दिवशी मागितलेली कृपा मिळते, असे तिने ऐकले होते. त्या दिवशी मी या माणसासाठी प्रार्थना करीन, असे तिने मनाशी ठरवले. तेव्हा ती साधारण सहा वर्षांची होती. १८८४ च्या मे महिन्यात तो दिवस आला, आणि तिने म्हाताऱ्याची आठवण ठेवून प्रार्थना केली. पाच वर्षे एका अनोळखी माणसाला तिने मनात सांभाळले होते.

या गोष्टीत मला मोल वाटते ते नाण्याचे नव्हे. नाणे तर परतच आले. मुलांना दान द्यायला शिकवणे तसे सोपे असते, आणि त्यात एक धोकाही असतो, की आपण वरचे आणि घेणारा खालचा असे त्यांना वाटू लागते. तेरेजाला तो म्हातारा नाणे नाकारल्यावरही माणूस म्हणून दिसत राहिला. हे तिच्यात कुठून आले? गरिबाला पाहून वाट न बदलणारा बाप तिने रोज पाहिला होता. आपण मात्र नाताळात चर्चमध्ये कपडे आणून देतो, त्यांतल्या काही शर्टांना बटणे नसतात आणि चेन तर कधीच चालत नाही. मुलांच्या हातून द्यायचे असेल तर त्यांना आवडणारी वस्तू निवडू द्या. ती द्यायला जड गेले तरी हरकत नाही, जड जाऊ द्या.

एक आईवर्ग मला विचारील, की नवरा चर्चला येतच नाही, मी एकटी काय करू? २०२५ साली संतपद मिळालेल्या कार्लो अकुतिसची आई स्वतः सांगते, की मुलगा लहान असताना ती फारशी चर्चला जात नव्हती, मुलाच्या प्रश्नांमुळे ती परत श्रद्धेकडे वळली. पवित्र आत्मा आपल्या सोयीच्या दारानेच येतो असे नाही. तेव्हा नवऱ्यावर रागावून मुलांसमोर भांडण काढू नका. संत पौलही आजच्या दुसऱ्या वाचनात बापांना सांगतो की मुलांना चिडवून नाउमेद करू नका. शेजाऱ्याच्या मुलाच्या टक्केवारीशी रोज तुलना करणे हेही त्यातच येते.

२०१७ साली केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑरगॅनिकचे इथले बहुतेक प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्या परिसरातल्या अनेक घरांवर कठीण दिवस आले. त्या दिवसांत कोण न बोलावता घरी येऊन बसले आणि कोण रस्त्यात नजर चुकवून गेले, हे ज्यांनी भोगले त्यांना विचारावे लागत नाही. ते मुलांना सांगा. आपल्या कुटुंबाच्या पडत्या काळाची गोष्ट मुलांपासून लपवू नका. ज्याला आपल्या घरची गरज माहीत आहे, त्याला दुसऱ्याच्या दारातली गरज ओळखू येते.

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत गोठा घरात राहील. तोवर एखाद्या संध्याकाळी मुलांना गोठ्याजवळ घेऊन बसा आणि संत मत्तयचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा, हेरोदाचा भाग न गाळता. मग मुलांना विचारा, आपल्या आसपास आज असे कोण आहे? उत्तर त्यांनाच देऊ द्या. त्यांनी भट्टीवरच्या एखाद्या मुलाची किंवा घरी येणाऱ्या मावशींची आठवण काढली, तर त्या रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घ्या. नाव माहीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन विचारून या.