तिकीट गेले, हमी आली

नाशिक रोडची ओळख नोटांच्या छापखान्याची. चलनार्थ मुद्रणालय 1928चे, आणि त्याच्याही आधीचे भारत प्रतिभूती मुद्रणालय. पोस्टाची तिकिटे, मुद्रांक आणि एके काळी शेअर हस्तांतरणाची तिकिटेही या प्रतिभूती मुद्रणालयात छापली जात. कागदी शेअर विकायचा म्हणजे हस्तांतरणाच्या अर्जावर सही करायची, मागे किमतीच्या हिशेबाने तिकिटे चिकटवायची, पुरली नाहीत तर एकावर एक, कडा बाहेर येतील अशी, आणि दाखल्यासह तो गठ्ठा दलालाकडे द्यायचा. पुढे कंपनीने ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवला की ती ‘बॅड डिलिव्हरी’. पैसे देऊन बसलेल्या माणसाच्या हाती ना शेअर, ना रक्कम. तिकीट खरे होते, कागद खरा होता. व्यवहार पुरा होण्याची हमी मात्र कोणाचीच नव्हती. राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, खरे काम केले ते इथे. लोक त्याचे श्रेय संगणकाच्या पडद्याला देतात. माझ्या मते ते हमीला द्यायला हवे.

1875पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजाराची मालकी दलालांचीच होती. सौदे बाजाराच्या रिंगणात ओरडून होत, आणि नाशिकच्या गुंतवणूकदाराला त्याच्या सौद्याच्या वेळी दलाल स्ट्रीटवर नेमका भाव काय होता हे पडताळण्याचा मार्ग नव्हता. 1992चा रोखे घोटाळा तर बँकांच्या पावत्यांवर उभा राहिला: ज्यांच्यामागे रोखे नाहीत असे कागद. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनएसईची नोंदणी झाली. आयडीबीआयसारख्या वित्तसंस्था भागधारक, दलाल फक्त सभासद, आणि डॉ. रा. ह. पाटील पहिले व्यवस्थापकीय संचालक. 3 नोव्हेंबर 1994 रोजी शेअरचे व्यवहार सुरू झाले. आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर, एवढाच नियम. ऑर्डर कोणाची हे समोरच्याला दिसत नाही. उपग्रहाच्या तबकड्यांमुळे गावोगावचा दलाल थेट जोडला गेला आणि वर्षभरातच उलाढालीत एनएसईने मुंबई बाजाराला मागे टाकले.

तरीही भाव दिसणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. एप्रिल 1996मध्ये एनएसईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने काम सुरू केले. सौदा जुळला की ही संस्था मध्ये उभी राहते: विकणाऱ्यासाठी तीच खरेदीदार, घेणाऱ्यासाठी तीच विक्रेता. समोरचा बुडाला तरी तुमचा सौदा पुरा होतो, कारण दोघांकडून मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, आधीच घेतलेले असते. नोव्हेंबर 1996मध्ये शेअर इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवणारी एनएसडीएल ही संस्था आली, कागदी शेअर अशा डिमॅट नोंदीत गेले, आणि सहीचा वांधा मिटू लागला. 2001मध्ये बदला बंद झाला; तोपर्यंत उधारीवर सौदे पुढे ढकलता येत. सौदापूर्तीची मुदत पाच दिवसांवरून तीन, दोन अशी उतरत जानेवारी 2023पर्यंत सर्व शेअरसाठी एका दिवसावर आली. एप्रिल 2019पासून तर वारसाहक्कासारखे अपवाद सोडले, तर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरचे हस्तांतरणच बंद आहे.

यंत्रणाही कोसळते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी दूरसंचार जोडण्या तुटल्या आणि एनएसईचे व्यवहार काही तास ठप्प झाले. काही दलालांना सर्व्हरजवळून माहिती आधी मिळाली का, यावरचे को-लोकेशन प्रकरण बाजाराची नियामक असलेल्या सेबीपुढे आणि न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे चालले. म्हणून जुने रिंगण बरे होते असे होत नाही. पडद्यावरच्या सौद्याची वेळ नोंदलेली राहते, म्हणून निदान चौकशी तरी करता येते.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सौदा पुरा होईल एवढीच ही हमी आहे, नफा होईल अशी नाही. आणि बाजार जितका सुरळीत, तितका हा फरक विसरला जातो. सेबीच्या सप्टेंबर 2024च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स या मुदतीच्या करारांत उतरलेल्यांपैकी 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. सट्टेबाजाशिवाय बाजारात तरलता येत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि काही अंशी बरोबरही. द्राक्षाच्या निर्यातदाराला डॉलरच्या भावाचा धोका टाळायचा, तर तो अंगावर घेणारा कोणीतरी लागतोच. पण मुदत संपायच्या दिवशी दुपारी निफ्टीचा ऑप्शन घेणारा पगारदार मुलगा कोणाचा धोका टाळत नाही, आणि त्याच्या पैशातून एकाही कारखान्याला भांडवल मिळत नाही. नोव्हेंबर 2024पासून सेबीने कराराचा किमान आकार 15 लाखांवर नेला आणि प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक करार ठेवले, हे योग्यच झाले. बाजाराचे मोठेपण उलाढालीच्या आकड्यावर मोजणे आता थांबवायला हवे.

दलालाच्या ॲपमध्ये शिरताना एक चौकट येते: दहांपैकी नऊ जणांना फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तोटा झाला. बहुतेकांचा अंगठा ती न वाचताच मिटवतो. घरातल्या तरुणाच्या फोनवर ती आली, तर शेजारी बसून एकदा मोठ्याने वाचा.