दुसऱ्याची ठेव

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एखाद्या समूहाकडे स्वतःचा सर्व्हर असतो. त्याच्याशी नाते असलेले, पण स्वतंत्रपणे चालणारे छोटे प्रकल्प विचारतात, आमच्या मेलिंग लिस्ट तुमच्याकडे ठेवाल का? प्रश्न तांत्रिक वाटतो. जागा तर फारशी लागत नाही. पण कोणता निर्णय कोणी, कशासाठी घेतला, हे त्या पत्रव्यवहारातच सापडते. म्हणजे मागणी जागेची नाही, ठेव सांभाळण्याची आहे.

अशा ठेवींचा व्यवहार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या लेण्यांत कोरला गेला. तिथल्या ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम गुंतवल्याची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा लेख अधिक तपशील देतो. विणकरांच्या दोन श्रेणींकडे 2000 आणि 1000 कार्षापण ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे भिक्खूंसाठी वापरायचे. विहारात काय शिकवावे, हे काही विणकर ठरवत नव्हते. पैसा सांभाळणे एवढेच त्यांचे काम.

नकार देणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. स्पॅम गाळणे, भांडणे निस्तरणे हे बिनपगारी दोन-चार जणांवर येते. शिवाय आपल्या पत्त्यावरून गेलेला शब्द लोक आपलाच समजतात. पण आपण नाही म्हटले की छोटा प्रकल्प एखाद्या कंपनीच्या फुकट सेवेकडे वळतो. याहू ग्रुप्सवर लोकांनी वर्षानुवर्षे लिहिले. 2020 मध्ये कंपनीने ती सेवाच बंद केली.

म्हणून होकार द्यावा, पण ‘कायमचे सांभाळू’ असे वचन देऊ नये. उषवदाताची ठेव अक्षय म्हणूनच ठेवली होती. आज त्या श्रेणी नाहीत, ते कार्षापणही नाहीत. कोरलेल्या अटी तेवढ्या वाचता येतात. आपणही अटी आधीच लिहून ठेवाव्यात: लिस्टची देखरेख कोण करणार, जुनी पत्रे कोणाच्या मालकीची, वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. एक अट मात्र त्या लेखाच्या उलट हवी. ठेव केव्हाही परत मागता आली पाहिजे. संबंध बिघडले किंवा आपलाच सर्व्हर बंद करायची वेळ आली, तरी त्या प्रकल्पाला सगळा पत्रव्यवहार उचलून नेता यावा. एवढे लिहून द्यायची तयारी नसेल, तर सरळ नाही म्हणणे अधिक प्रामाणिक.