पाठीवरचे फावडे

मित्राप्रती आपले कर्तव्य कोणते, असे कोणी विचारले तर आपण सहज म्हणतो, संकटात धावून जावे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमचेही उत्तर याहून वेगळे नव्हते. ते उत्तर अपुरे आहे, हे आम्हाला ग्रंथांनी नव्हे, तर आल्प्स पर्वतातील एका दिवसाने शिकविले.

२००३ सालचा एप्रिल महिना. रोममध्ये आमचे उच्च शिक्षण चालू होते. ईस्टरनंतरच्या सुटीत आमचा एक स्विस वर्गमित्र, तोही धर्मगुरूच, आम्हाला ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील धर्मशाळेत घेऊन गेला. २,४६९ मीटर उंचीवरचे हे आश्रयस्थान संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात वाटसरूंसाठी उभारले. तेथील धर्मगुरू आजही आल्यागेल्याचे स्वागत करतात. हिवाळ्यापासून वसंत सरेपर्यंत खिंडीचा रस्ता बर्फाखाली गाडलेला असतो. त्या काळात तेथे पोहोचावयाचे ते पायी किंवा स्कीवरून.

दुसऱ्या दिवशी जवळच्या माँ फूर्शाँ या २,९०२ मीटर उंचीच्या शिखरावर जाण्याचे ठरले. मित्र स्कीवर तरबेज. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तो तिच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवी. आम्ही कोकण किनाऱ्यावर वाढलेले. आमच्या बुटांना त्याने बर्फात न रुतणाऱ्या रुंद फळ्या बांधल्या. निघताना त्याने आमच्या छातीशी एक लहानसे यंत्र बांधले आणि पाठपिशवीत घडीची लांब सळई व फावडे ठेवले.

“हे फावडे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे,” तो हसून म्हणाला. “तुझे फावडे माझ्या पाठीवर आहे.”

ते यंत्र सतत संदेश सोडीत असते. घसरत्या बर्फाखाली कोणी गाडला गेला, तर वर उरलेला सोबती आपले यंत्र शोधावर लावून त्याची जागा हुडकतो, सळई खुपसून खोली अजमावतो आणि खणू लागतो. मदत दुरून येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार, दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. त्यानंतर मात्र हे प्रमाण झपाट्याने घसरते. म्हणजे प्रत्येकाचे प्राण अक्षरशः दुसऱ्याच्या पाठीवर!

वसंतातील बर्फाचा एक नियम आहे. रात्रीच्या थंडीने तो गोठून कठीण होतो. सूर्य वर येताच नरम पडू लागतो आणि पुढे पाण्याने जड होऊन उतारावरून सुटू शकतो. म्हणून पहाटे निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. आमच्या संथ चालीमुळे त्या दिवशी उशीर झाला. शिखर डोळ्यांसमोर असताना पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. वरून बर्फाचे लहान गोळे घरंगळत येऊ लागले. आमच्या मनात भय दाटले. पण आम्ही बोललो नाही. तो जाणकार, आम्ही पाहुणे!

मित्र थांबला. “काय करू या?” त्याने विचारले.

“तू म्हणशील तसे,” आम्ही उत्तरलो.

तो आणखी काही पावले चालला. मग त्याने हातातली काठी बर्फात दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. काही न बोलता तो मागे वळला.

संध्याकाळी सूप पिताना तो म्हणाला, “तुझा हिरमोड होऊ नये म्हणूनच मी पुढे चाललो होतो. तुला भय वाटत होते, तर बोलला का नाहीस?” दोघांनाही पुढे जावयाचे नव्हते, तरी परस्परांच्या भिडेने दोघेही पुढे चाललो होतो. आमचे मौन आम्हाला नम्रता वाटली होती. वस्तुतः निर्णयाचा सारा भार आम्ही मित्रावर टाकला होता आणि निर्णयासाठी त्याला जे हवे होते, तेच लपविले होते.

संत थॉमस अक्वायनस विवेकाची तीन कृत्ये सांगतात: विचारविनिमय, निर्णय आणि त्यानुसार करावयाची आज्ञा. जो मौन धरतो, तो पहिली पायरीच काढून घेतो. मग वरच्या दोन कशावर उभ्या राहणार? इयान मॅककॅमन या संशोधकाने अमेरिकेतील १९७२ ते २००३ या काळातील ७१५ हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की धोक्याची चिन्हे उघड असतानाही, शिकलेसवरलेले लोक ओळखीच्या वाटेवर, पुढाऱ्याच्या भरवशावर किंवा इतरांना बरे वाटावे म्हणून पुढे गेले होते.

तो उतार त्या दिवशी कोसळला का? आम्ही पाहिले तोवर तरी नाही. पण म्हणून परतणे चुकीचे ठरत नाही. आणि सुखरूप परतलो म्हणून आमचे मौन निर्दोषही ठरत नाही. कृत्याचे मोल केवळ परिणामावरून करावयाचे नसते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही किती सहजतेने सांगतो!

पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप तरुणपणी स्वतः गिर्यारोहक होते. १८८९ साली माँटे रोझावर चढताना त्यांना, सोबतच्या एका धर्मगुरूला आणि दोघा वाटाड्यांना शिखरालगतच्या अरुंद कड्यावर रात्र काढावी लागली. त्या थंडीत झोप लागणे धोक्याचे, म्हणून त्यांनी एकमेकांना जागे ठेवले. काइनाने देवाला उर्मटपणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या कड्यावर सापडते.

आज धर्मग्रामाच्या सभेत हिशेब कोणाला पटत नाही, पण ‘फादर म्हणतील तसे’ म्हणून सारे उठतात. घरात लग्न ठरते. मुलीच्या मनातली शंका आईला दिसते, पण वडिलांसमोर कोणी ब्र काढीत नाही. उतार कोसळल्यावर फावडे घेऊन धावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते धन्य होत. परंतु उतार चढत असतानाच “मला भय वाटते” असे म्हणणारा सोबती विरळा. आमच्या धर्मग्रामात आता आम्ही सभा संपविण्यापूर्वी जो गप्प बसला आहे, त्याच्याकडे वळून विचारतो. आणि तो “फादर, तुम्ही म्हणाल तसे” म्हणाला, तर पुन्हा विचारतो.