लहान गुन्हा, मोठा गुन्हा



४ डिसेंबर २०२४ ची रात्र आपण चिक्कडपल्लीकर विसरलेलो नाही. संध्या थिएटरला 'पुष्पा २'चा प्रीमियर होता. चेंगराचेंगरीत एक आई गेली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. आपल्याच पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. १३ तारखेला अभिनेते अल्लू अर्जुन यांना अटक झाली आणि त्याच दिवशी हायकोर्टाने अंतरिम जामीनही दिला. लगेच घरोघरच्या ग्रुपांत दोन पक्ष पडले. कोणी म्हणे, "यात त्यांचा काय दोष?" कोणी म्हणे, "मोठ्यांना लगेच जामीन, गरीब मात्र आत!"

दोष कोणाचा ते कोर्ट ठरवील, तो आपला अधिकार नाही. पण कायदा लहान-मोठं कसं ठरवतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच हजारांच्या आतली चोरी, तीही पहिल्यांदाच, आणि माल परत केला, तर त्यात समाजसेवेची शिक्षा आहे. चुकलेल्याला परतीची वाट ठेवली आहे.

पण कोणाचा जीव गेला तर? निष्काळजीपणाने गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि जामीन हक्काने मिळतो. 'यात जीव जाऊ शकतो' हे माहीत असूनही केलं, तर कलम १०५, दहा वर्षांपर्यंत कैद, आणि जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. संध्या थिएटरच्या प्रकरणात १०५ लावलं गेलं. मृत्यू तोच, फरक एका प्रश्नाचा: माहीत होतं का?

हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो का? पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटीची चावी देतो. "कोपऱ्यापर्यंतच जातोय," म्हणतो. त्याच्या हातून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. रोज तो सुखरूप परत येतो, म्हणून आपण त्याला लहान चूक म्हणतो. धोका तर पहिल्या दिवसापासून माहीत होता! आम्हीही यातून सुटलेलो नाही.

मग प्रत्येक चुकीला गुन्हा म्हणायचं का? नाही. मुलाने येऊन खरं सांगितलं, तर आरडाओरडा करू नका. झालेलं नुकसान त्याच्याकडूनच भरून घ्या आणि विषय संपवा. परतीची वाट घरातही हवीच. पण जाणूनबुजून केलेल्याला "चालतंय हो" म्हणू नका.

कायदा बहुतेक वेळा घडून गेल्यावर येतो. गुरुमाऊलींनी दिलेला विवेक मात्र आधी जागा होऊ शकतो. येत्या गुरुवारी आरतीनंतर दर्शनाच्या रांगेत ढकलाढकली करू नये, आणि घरी गेल्यावर चाव्या कोणाच्या हाती आहेत तेही पाहावं, ही विनंती.

जय गुरुदेव!
आपले, चिक्कडपल्लीतील सेवेकरी